वाऱ्यावरची वीज

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रॉकी पर्वताच्या पूर्वेस जें विस्तीर्ण माळरान पसरलेलें आहे, तेथें झाडें थोडीं आणि वारा फार. डाकोटा, नेब्रास्का, कॅन्सस, मोंटाना ह्या संस्थानांतील शेतकरी आपल्याप्रमाणें गांव करून राहत नाहींत. ज्याचें त्याचें घर ज्याच्या त्याच्या शेतांत. शेजारी म्हणजे मैल-दोन मैलांवर दिसणारा एक ठिपका. न्यूयॉर्क शहरांत एडिसनचें वीजघर १८८२ सालीं सुरू झालें. त्यानंतर अर्धें शतक उलटलें, तरी १९३५ सालीं त्या देशांतील दर दहा शेतकऱ्यांपैकीं जेमतेम एकाच्या घरीं विजेची तार पोंचली होती. उरलेल्या नऊ घरांतील बहुतेकांत रात्रीं घासलेटचा कंदीलच जळे, आणि धुणें, भरडणें, इस्त्री हीं सारीं कामें हातानें चालत.

वीज-कंपन्यांचा हिशेब मोठा सरळ होता. मैलभर तार ओढावी, खांब पुरावेत, आणि एवढें करून त्या मैलांत गिऱ्हाइकें मिळावींत दोन किंवा तीन! हा खर्च सोसावा कोणी? कंपनी म्हणे, शेतकऱ्यानें. शेतकऱ्याजवळ तर १९२९ नंतरच्या मंदींत धान्य विकून बियाण्याचे पैसे निघण्याची मारामार. हा तिढा पुढें दोन मार्गांनीं सुटला. त्यांतील सरकारी कर्जावर ओढलेल्या तारांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. त्याच्या आधींचा जो मार्ग, त्याची आठवण मात्र आतां फारशी कोणी काढीत नाहीं. तो मार्ग म्हणजे घराच्या छपरावर दोघां माणसांनीं उचलून चढवावी एवढी लहानशी पवनचक्की.

गंमत अशी कीं, ह्या लहान चक्कीचा प्रसार दिव्यासाठीं झाला नाहीं. तो झाला नभोवाणीसाठीं. अमेरिकेंत १९२० सालाच्या अखेरीस नियमित ध्वनिक्षेपण सुरू झालें आणि थोड्याच वर्षांत रेडिओचा संच ही माळरानावरील कुटुंबाची पहिली हौस झाली. ह्या हौसेला चैन म्हणणें अन्यायाचें होईल. गव्हाचा आणि डुकरांचा बाजारभाव, उद्यांचें हवामान, रविवारचें प्रवचन, आणि चार महिने बर्फांत अडकलेल्या घरांत दुसऱ्या माणसाचा आवाज, हें सारें त्या पेटींतून येई. १२ मार्च १९३३ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनीं बँकांच्या अरिष्टाविषयीं जें पहिलें घरगुती भाषण नभोवाणीवरून केलें, तें ऐकावयाचें तर घरांत संच हवा, आणि संच चालावयाचा तर वीज हवी. कंदिलावर वर्तमानपत्र वाचतां येतें. रेडिओ ऐकतां येत नाहीं.

त्या वेळच्या संचांतील पोकळ नळ्यांना दोन प्रकारचा विद्युत्पुरवठा लागे. नळींतील तार तापविण्यासाठीं कमी दाबाचा प्रवाह, आणि नळीच्या पट्टीसाठीं नव्वद किंवा अधिक व्होल्ट दाबाचा. पहिल्याची सोय मोटारींत असते तशा शिशाच्या बॅटरीनें होई; दुसऱ्यासाठीं कोरड्या घटांचे जड ठोकळे विकत घ्यावे लागत, आणि ते संपले कीं फेंकून द्यावे लागत. शिशाची बॅटरी उतरली म्हणजे ती उचलून शहरांत न्यावी, भरून घ्यावी, परत आणावी. ज्यांना हा खटाटोप नको वाटे, ते संध्याकाळीं मोटारींतील बॅटरी काढून दिवाणखान्यांत आणीत आणि रात्रीं गाणें ऐकून पुनः मोटारींत बसवीत. गाणें लांबलें तर सकाळीं मोटार जागची हलत नसे.

१९३० नंतर लवकरच एक लहानसा कंपक यंत्रभाग निघाला. सहा व्होल्टांच्या बॅटरीचा प्रवाह तो सेकंदांत शेंकडों वेळां तोडी व जोडी. त्या तुटक प्रवाहाचा दाब रोहित्रानें वाढवितां येई. त्यामुळें कोरड्या घटांची गरज संपली आणि एका बॅटरीवर सगळा संच चालूं लागला. आतां प्रश्न एवढाच उरला, कीं ती एक बॅटरी घरच्या घरीं भरावी कशी?

उत्तर अंगणांत उभें होतें, पण तें चुकीचें उत्तर होतें. माळरानावरील बहुतेक शेतांत विहिरीचें पाणी उपसणारी पवनचक्की फिरत असे. डॅनियल हॅलाडे ह्या कनेक्टिकटमधील कारागिरानें १८५४ सालीं तिची रचना केली. थॉमस पेरी ह्या एंजिनियरानें १८८२-८३ मध्यें पांच हजारांवर प्रयोग करून तिचीं पातीं सुधारलीं, आणि १८८८ पासून त्या सुधारणेच्या पोलादी चक्क्या विकल्या जाऊं लागल्या. तिच्या चक्राला फुलाच्या पाकळ्यांसारखीं दाटीनें लावलेलीं पुष्कळ पातीं असतात. त्यामुळें मंद वाऱ्यांतही ती हलते, आणि हळू फिरली तरी पाण्याचा दट्ट्या उचलण्याइतका जोर तिच्यांत असतो. पण डायनामोला जोर नको, वेग हवा. पाण्याची चक्की मिनिटाला जितके फेरे घेते, त्याच्या कितीतरी पट फेरे डायनामोला हवेत. मध्यें दांतेरी चाकें घालून वेग वाढवावा, तर मिळालेली थोडकी शक्ति त्या चाकांच्या घर्षणांतच खर्चून जाते. पाणी उपसणारा बैल शर्यतीच्या गाडीला जुंपावा, त्यांतला हा प्रकार.

हा धडा शास्त्रज्ञांनाही सहजासहजीं मिळाला नव्हता. वाऱ्यापासून वीज काढून स्वतःच्या घरांत दिवे लावणारा पहिला मनुष्य म्हणजे ग्लासगो येथील प्राध्यापक जेम्स ब्लाइथ. १८८७ च्या जुलैंत त्यानें स्कॉटलंडमधील मेरीकर्क ह्या गांवीं आपल्या सुटींतल्या घराच्या बागेंत कापडी शिडांची चक्की उभी केली. उरलेली वीज त्यानें गांवच्या रस्त्यावर दिवे लावण्यासाठीं देऊं केली, तेव्हां गांवकऱ्यांनीं ही सैतानाची करणी म्हणून ती नाकारली. त्याच हिवाळ्यांत अमेरिकेंत क्लीव्हलंड शहरीं चार्ल्स ब्रश ह्या धनाढ्य संशोधकानें आपल्या वाड्यामागें ५६ फूट व्यासाचें आणि १४४ पात्यांचें प्रचंड चक्र उभारलें. ह्या राक्षसी यंत्रापासून मिळे फक्त १२ किलोवॅट वीज. पण तळघरांतील ४०८ बॅटऱ्या भरून त्यानें सुमारें वीस वर्षें त्या वाड्याला उजेड दिला. चूक एवढीच होती कीं, ब्रशनें पाण्याच्या चक्कीचीच आकृति मोठी करून घेतली.

ती चूक ज्यानें प्रयोगानें दाखविली, तो एक शाळामास्तर होता. डेन्मार्कमधील आस्कोव येथील लोकशाळेंत पॉल ला कूर हा विज्ञान शिकवीत असे. १८९१ पासून त्यानें शाळेच्या आवारांत पवनचक्कीवर वीज निर्माण केली. ती सांठवावी कशी, ह्यावर त्याचा तोडगा मोठा विलक्षण होता: विजेनें पाण्याचें विघटन करून हायड्रोजन वायु टाकींत भरावयाचा आणि त्या वायूवर शाळेचे दिवे जाळावयाचे. स्फोट होऊन शाळेच्या खिडक्यांच्या कांचा एकाहून अधिक वेळां उडाल्या. दिवे मात्र चालू राहिले. ह्या मास्तरानें वाऱ्याची नळी तयार करून तींत लहान लहान चक्रें फिरवून पाहिलीं आणि वीज करावयाची तर थोडीं, योग्य आकाराचीं व वेगानें फिरणारीं पातींच हवींत, हें सिद्ध केलें. शेतकऱ्यांच्या मुलांना त्यानें विजेचें कामही शिकविलें. पुढें जर्मनींत गॉटिंगन येथें आल्बर्ट बेट्झ ह्यानें १९२० सालीं गणितानें दाखवून दिलें कीं, कसलेंही उघडें चक्र बसविलें तरी त्यांतून जाणाऱ्या वाऱ्याच्या शक्तीपैकीं शेंकडा ५९ हून अधिक भाग हातीं लागणें शक्य नाहीं. सगळी शक्ति काढून घ्यावी म्हटलें तर वारा चक्रामागें थांबून राहील, आणि मागून येणाऱ्या वाऱ्याला वाटच मिळणार नाहीं!

मोंटाना संस्थानांत व्हाइडा नांवाच्या खेड्याजवळ राहणाऱ्या मार्सेलस आणि जो जेकब्स ह्या दोघां भावांना ह्या युरोपीय संशोधनाचा कितपत पत्ता होता हा प्रश्न गौण आहे. ते त्याच ठिकाणीं स्वतःच्या हातांनीं पोंचले. त्यांनीं प्रथम पाण्याच्या चक्कीचें चक्र घेऊन त्याला जुन्या फोर्ड मोटारीचा मागचा आंस जोडून पाहिला. काम भागेना. मार्सेलस विमान चालवावयास शिकला होता. विमानाचा पंखा हवेला ढकलतो. तसाच पंखा हवेनें ढकलला तर? त्यांनीं दोन पात्यांचा पंखा लावला. तो वेगानें फिरूं लागला, पण वाऱ्यानें दिशा बदलली कीं सारा मनोरा थरथरे. कारण असें: दोन पातीं उभीं असतांना चक्र सहज वळतें, आडवीं असतांना वळण्यास विरोध करतें, आणि प्रत्येक फेऱ्यांत हा झटका दोनदां बसतो. तीन पातीं लावतांच हा झटका गेला. आज डोंगरपठारांवर दिसणाऱ्या अजस्र पवनचक्क्यांना तीनच पातीं कां, ह्याचें एक मोठें कारण तेंच आहे.

जेकब्स बंधूंनीं मिनिआपोलिस शहरीं कारखाना काढला. त्यांचें चक्र सुमारें १४ फूट व्यासाचें, पातीं स्प्रूस लांकडाचीं, डायनामो मुद्दाम हळू गतीवर चालणारा, म्हणजे मध्यें दांतेरी चाकें नाहींत आणि झिजण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. वादळ आलें कीं फिरत्या वजनांच्या योगानें पातीं आपोआप तिरपीं होत व वारा सोडून देत. अडीच किलोवॅटपर्यंत वीज देणारें हें यंत्र इतकें भरंवशाचें ठरलें कीं, १९३३ सालीं अॅडमिरल बर्ड दक्षिण ध्रुवाकडे निघाला तेव्हां त्याच्या बरोबर एक जेकब्स चक्की गेली. पण बॅटऱ्यांसह तिला सुमारें हजार डॉलर पडत. मंदीच्या काळांत हजार डॉलर म्हणजे सधन शेतकऱ्याचेंच काम.

गरिबाची चक्की आयोवांतून आली. चेरोकी गांवाजवळच्या शेतावर जॉन आणि गेर्हार्ड आल्बर्स ह्या भावांनीं केवळ रेडिओची बॅटरी भरण्याकरितां एक लहान चक्की केली. शेजाऱ्यांनीं मागितली म्हणून आणखी केल्या, आणि पाहतां पाहतां सू सिटी शहरांत ‘विंचार्जर’ नांवाचा कारखाना उभा राहिला. चक्र सहा फुटांचें, पातीं दोनच, दाब सहा व्होल्ट, जोराच्या वाऱ्यांत वीज दोनशें वॅटपर्यंत. वेग अति झाला कीं स्प्रिंगनें आवळलेल्या दोन पत्र्याच्या पट्ट्या बाहेर फेंकल्या जात आणि हवेचाच अडथळा करून चक्राला आवर घालीत. १९३५ च्या सुमारास झेनिथ ह्या रेडिओ-कंपनीनें ह्या कारखान्याशीं करार केला आणि शेतावरचा संच घेणाऱ्यास चक्की नाममात्र जादा किमतींत देऊं केली. ‘विजेचा खर्च वर्षाला ५० सेंट’ ही झेनिथची जाहिरात त्या दिवसांत खेड्यापाड्यांतून गाजली. टपालानें खोका येई. बाप-लेक छपरावर चढत. दुपारीं पंखा फिरूं लागे आणि रात्रीं शिकागोचें गाणें ऐकूं येई. तारेची वाट पाहणाऱ्या घरांत हा केवढा उत्सव झाला असेल!

तथापि श्रोत्यांनीं येथें क्षणभर थोडें गणित सोसावें, कारण ह्या चक्कीचें यश आणि तिची मर्यादा दोन्ही त्या गणितांत आहेत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याची शक्ति दुप्पट होत नाहीं, आठपट होते. सहा फूट व्यासाच्या चक्रांतून ताशीं ५ मैलांचा वारा जातो तेव्हां त्यांत सुमारें १८ वॅट शक्ति असते. ताशीं १० मैल झाला कीं १४४ वॅट. २० मैल झाला कीं साडेअकराशें. पातें, डायनामो आणि तारा ह्यांत जें जावयाचें तें जाऊन चांगल्या लहान यंत्राच्या हातीं ह्याचा चवथा भाग लागला तरी पुष्कळ. म्हणजे ५ मैलांच्या झुळुकेंत मिळावयाचें चार-पांच वॅट. तेवढें तर यंत्र स्वतःला फिरविण्यांतच खाऊन टाकतें, आणि म्हणून विंचार्जर साधारण ७ मैलांच्या वाऱ्याखालीं बॅटरी भरीतच नसे. पण १० मैलांच्या साध्या वाऱ्यांत तिच्यापासून पस्तीसएक वॅट मिळण्याजोगे असत. सहा व्होल्टांच्या संचाला पंधरा-वीस वॅट लागत. घरांतल्या मंडळींनीं चार तास रेडिओ ऐकला, तर त्याची भरपाई दोन-तीन तासांच्या वाऱ्यांत होई.

विंचार्जर फळली ती ह्यामुळें. मंद वाऱ्यावर तिनें कांहीं जादू केली नाहीं. तिनें मागणेंच लहान ठेवलें. माळरानावर वारा पुष्कळ, आणि रेडिओची भूक थोडी, असा दुर्मिळ योग तिला लाभला. एखादा दिवा, क्वचित् दोन, तिला झेपत. वारा चार दिवस पडला म्हणजे घरांत बातम्यांपुरताच रेडिओ लावावा, नाटकें बंद, असा नियम चाले. उफणणीसाठीं खळ्यावर वारा पाहत बसलेल्या आपल्याकडील शेतकऱ्याला ही घालमेल समजावून सांगण्याची गरज नाहीं. शिवाय छपरावर बसविलेल्या दोन पात्यांची घरघर खांबांतून खालीं झोपण्याच्या खोलींत उतरे, ती वेगळीच. ज्यांनीं घरापासून दूर उंच मनोरा उभारला त्यांना झोपही मिळाली आणि वारा देखील अधिक, कारण जमिनीजवळ घर, गोठा व झाडें ह्यांच्या अडथळ्यानें वारा मोडतो.

११ मे १९३५ रोजीं रूझवेल्ट सरकारनें ग्रामीण विद्युतीकरणाचें खातें स्थापिलें, आणि पुढच्या वर्षीं त्याला कायद्याचें बळ दिलें. शेतकऱ्यांनीं सहकारी संस्था काढाव्यात, सरकारनें त्यांना कमी व्याजानें दीर्घ मुदतीचें कर्ज द्यावें, आणि संस्थेनें स्वतःच तारा ओढाव्यात, अशी ही योजना. कंपन्यांना जें परवडत नव्हतें तें सहकारानें परवडलें. १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत दहांपैकीं नऊंहून अधिक शेतकरी-घरांत तार पोंचली होती.

तार दाराशीं आल्यावर छपरावरच्या चक्कीचें काय करावें, हा प्रश्न लाखों घरांत निघाला असेल. त्याचें उत्तर बहुधा बाईनें दिलें, आणि तें योग्यच होतें. विजेची इस्त्री एकटी पांचशें वॅटहून अधिक खाते. धुण्याचें यंत्र, पाण्याचा पंप, शीतकपाट हीं तर दूरच राहिलीं. रेडिओवर भागणाऱ्या चक्कीच्या आवाक्यांतलें हें नव्हतें. जेकब्सची मोठी चक्की हीं कामें करी, परंतु तिचीं उपकरणें ३२ व्होल्टांचीं आणि तारेंतील वीज ११० व्होल्टांची. हजार डॉलर घालून ज्यानें दिवे, इस्त्री, शीतकपाट सारें ३२ व्होल्टांचें घेतलें होतें, त्याला तार घेतांच तें सारें एका दिवसांत भंगारांत काढावें लागे. त्यांतून बॅटऱ्या कांहीं वर्षांनीं बदलाव्या लागत, आणि त्यांची किंमत कांहीं लहान नसे. पुष्कळांनीं चक्की उतरवून गोठ्यांत टाकली. तारेनें घरांतील स्त्रीचे जे कष्ट वांचविले ते पाहतां त्या निवडीला नांव ठेवण्यास जागा नाहीं. मात्र ‘चक्की फसली म्हणून तार आली’ असें जें मागाहून लिहिलें गेलें तें खरें नव्हे. चक्की चालू असतांना ती उतरविली गेली. सरकारनें कर्ज दिलें तें मुख्यतः तारेला. घरोघरच्या यंत्रांना तसाच आधार मिळता तर दूर दूरच्या घरांचा हिशेब कसा बसला असता, हें कोणी पाहिलेंच नाहीं. १९५० नंतरच्या दशकांत जेकब्सचा मूळ कारखाना बंद पडला.

१९७३ सालीं खनिज तेलाचे भाव भडकले तेव्हां शहर सोडून शेतीकडे वळलेले कांहीं तरुण माळरानावर गोठे धुंडाळीत फिरूं लागले. शेतकऱ्यांनीं टाकून दिलेल्या जेकब्स चक्क्या त्यांनीं विकत घेतल्या, साफ केल्या, पातीं रंगविलीं आणि पुनः मनोऱ्यावर चढविल्या. चाळीस वर्षांपूर्वींचे ते डायनामो फिरूं लागले.

आज पाठीवरच्या पिशवींत मावणाऱ्या पवनचक्क्या बाजारांत मिळतात आणि मंद झुळुकेवर भरपूर वीज देण्याचें आश्वासन त्यांच्या खोक्यावर छापलेलें असतें. यंत्रें पूर्वींपेक्षां फार सुधारलीं आहेत: चुंबक प्रबळ झाले, पातीं हलक्या कृत्रिम द्रव्याचीं झालीं, घर्षण घटलें. पण वाऱ्याचें गणित १९३५ सालीं होतें तेंच आहे. एक फूट व्यासाच्या चक्रांतून १० मैलांच्या वाऱ्यांत चार वॅट वाहतात. त्यांतला एक हातीं लागला तर खिशांतला दूरध्वनि भरावयास पंधराएक तास लागतील. ५ मैलांच्या झुळुकेंत तोच हिशेब पांच दिवसांवर जातो, आणि तोहि वारा रात्रंदिवस न थांबता तर. घेणाऱ्यानें खोक्यावरचे वॅट पाहण्याआधीं ते किती वाऱ्यांत मोजले आहेत आणि चक्राचा व्यास किती, एवढें विचारावें. उलट एक गोष्ट ह्या लहान यंत्रांच्या बाजूची आहे. पूर्वीं ६० वॅट खाणारा दिवा आतां सात-आठ वॅटांत तेवढाच उजेड देतो, म्हणजे थोड्या विजेची किंमत वाढली आहे.

ह्या थोड्या विजेचा खरा उपयोग मंगोलियाच्या पठारावर झाला. चीनच्या ताब्यांतील अंतर्मंगोलियांत १९८० नंतर साधारण १०० वॅटच्या लहान चक्क्या हजारोंच्या संख्येनें गवताळ रानांतील मेंढपाळांकडे गेल्या. तेथें तार ओढणें अशक्यच, कारण घरच जागेवर राहत नाहीं. तंबूशेजारीं एक लोखंडी नळी उभी करून तिला चारी बाजूंनीं तणावे बांधावयाचे, वर चक्र, खालीं एक बॅटरी. रात्रीं एक-दोन दिवे आणि रेडिओ. गवत संपलें कीं मेंढपाळ तणावे सोडतो, नळी आडवी करतो, पातीं गोधडींत गुंडाळतो आणि सारें सामान गाडींत घालून पुढच्या कुरणाकडे निघतो.